पाय वाचवणारी नळी : रक्तवाहिन्यांच्या विकारांवरील कॅथेटर उपचार

मुळशी तालुक्याच्या पश्चिम भागात आषाढात भाताच्या खाचरांत चिखलणी आणि लावणी सुरू झाली की शेतकऱ्यांचे पाय दिवसचे दिवस पाण्यात आणि चिखलात राहतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, काटा बोचतो, दगडाची ठेच लागते. निरोगी पायावरची अशी जखम हळद किंवा मलम लावून आठ-पंधरा दिवसांत भरून येते. मात्र ज्या पायाचा रक्तपुरवठा आधीच मंदावलेला आहे, त्या पायावरची जखम भरत नाही. ती काळवंडते, ठणका रात्रीची झोप उडवतो आणि रुग्ण शहरातील रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा बोट, पाऊल किंवा गुडघ्याखालचा पाय कापण्याची भाषा सुरू झालेली असते.

अशा पायांपैकी अनेक पाय आज वाचवता येतात. जांघेत किंवा मनगटात सुईएवढे छिद्र पाडून रक्तवाहिनीत बारीक, लवचिक नळी सरकवायची आणि आतूनच अडथळा दूर करायचा, ही पद्धत गेल्या सहा दशकांत विकसित झाली. या नळीला कॅथेटर म्हणतात. हृदयाच्या अँजिओप्लास्टीमुळे तिचे नाव घरोघरी पोहोचले. परंतु तिचा पहिला उपयोग झाला तो हृदयासाठी नव्हे, तर पायासाठी, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. पायाच्या बाबतीत हे उपचार उपलब्ध आहेत हेच अनेकांना उशिरा कळते आणि उशीर हाच या आजारातील सर्वांत मोठा धोका आहे.

दोन चेहऱ्यांचा तालुका

रक्तवाहिन्यांचे विकार समजून घेण्यासाठी मुळशी हा बोलका तालुका आहे. त्याच्या पूर्वेला हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल, भूगाव आणि पिरंगुटची वाढती वस्ती व कारखानदारी आहे. मध्यभागी पौड हे तालुक्याचे मुख्यालय आहे. त्यापलीकडे मुळशी धरणाचा जलाशय, डोंगरउतारावरच्या वाड्या आणि कोकणात उतरणारा ताम्हिणी घाट आहे. एकीकडे दिवसभर संगणकासमोर बसणारा, अवेळी जेवणारा आणि तणावाखाली वावरणारा तरुण नोकरदार, तर दुसरीकडे आयुष्यभर कष्ट केलेला, परंतु बिडी, तंबाखू किंवा मिश्रीची सवय असलेला वृद्ध शेतकरी. दोघांच्या जगण्यात कितीही अंतर असले, तरी त्यांच्या धमन्यांत घडणारी प्रक्रिया एकच असते.

पुण्यात कोथरूड, वारजे किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांची मुळे मुळशी आणि मावळच्या गावांत आहेत. गावी राहणारे आईवडील ‘वयोमानाने पाय दुखतात’ म्हणतात आणि शहरातील मुले वेदनाशामक गोळ्या घेऊन जातात. ही वेदना सांध्यांची आहे की रक्तपुरवठ्याची, हा प्रश्न विचारलाच जात नाही. प्रत्यक्षात तो विचारणे फार अवघड नाही.

धमन्या का आणि कशा अरुंद होतात

हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या म्हणजे धमन्या आणि ते परत आणणाऱ्या वाहिन्या म्हणजे शिरा. निरोगी धमनीचे आतले अस्तर गुळगुळीत असते. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे या अस्तराला इजा होते. तेथे मेद साचतो, दाहाच्या पेशी जमतात, कालांतराने चुना म्हणजे कॅल्शियम बसते आणि धमनी कडक व अरुंद होते. हे थर फुटले तर त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि प्रवाह अचानक थांबतो.

ही घटना हृदयाच्या धमनीत घडली तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूच्या धमनीत घडली तर पक्षाघात होतो. पायाच्या धमन्यांत मात्र अडथळा बहुधा हळूहळू वाढतो. ठराविक अंतर चालल्यावर पोटरीत कळ येते किंवा गोळा आल्यासारखे वाटते, उभे राहून दोन-चार मिनिटे विश्रांती घेतली की ती थांबते आणि पुन्हा तेवढेच अंतर चालल्यावर परत येते. हे या आजाराचे ठळक लक्षण आहे. सांध्याच्या दुखण्यात असा नियमितपणा सहसा नसतो. आजार पुढे गेला की आडवे पडल्यावरही पाऊल ठणकते आणि पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावर थोडा आराम पडतो. त्यानंतरची पायरी न भरणाऱ्या जखमेची आणि कोथाची, म्हणजेच गँगरीनची असते.

मधुमेहात धोका अधिक असतो, कारण मज्जातंतू बधिर झाल्यामुळे वेदनेची पूर्वसूचनाच मिळत नाही. चप्पल चावते, गरम फरशीचा चटका बसतो, काटा रुततो; रुग्णाला कळत नाही. पहिले लक्षण म्हणून थेट जखमच दिसते.

पोर्टलंडमधील पाय

या उपचारांचा इतिहास धाडसाच्या प्रसंगांनी भरलेला आहे. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्ड येथील तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि त्या अवस्थेत क्ष-किरण विभागात जाऊन तिचे छायाचित्र काढून घेतले. त्या काळी हा वेडेपणा समजला गेला. १९५६ मध्ये त्यांना दोन सहकारी संशोधकांसह नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ मध्ये स्वीडनचे स्वेन इवार सेल्डिंगर यांनी सुई, तिच्यातून तार आणि तारेवरून नळी असा साधा क्रम शोधला. त्यामुळे रक्तवाहिनी कापून उघडण्याची गरज संपली. आजही जगभरातील बहुतेक कॅथेटर उपचारांचा आरंभ याच क्रमाने होतो.

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाकडे ८२ वर्षांची एक स्त्री आली. तिच्या पावलाला गँगरीन झाले होते आणि पाय कापून घेण्यास तिने नकार दिला होता. डॉटर यांनी तिच्या मांडीच्या अरुंद झालेल्या धमनीतून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवून मार्ग रुंद केला. पाऊल उबदार झाले, जखम भरली आणि ती वृद्धा स्वतःच्या पायांवर चालत राहिली. अमेरिकेतील अनेक शल्यचिकित्सकांनी या पद्धतीकडे संशयाने पाहिले. युरोपात मात्र ती रुजली.

झुरिचमध्ये आंद्रेयास ग्रुएन्झिग यांनी नळीच्या टोकाला फुगा बसवला. १९७४ मध्ये त्यांनी तो पायाच्या धमनीत वापरला आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी जागृत रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत. भारतात हृदयाच्या अँजिओप्लास्टीची सुरुवात १९८० च्या दशकाच्या मध्यास झाली. ग्रुएन्झिग यांच्याकडे शिकलेले डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलारिकल यांचे नाव त्या संदर्भात आदराने घेतले जाते. फुग्याने रुंद केलेली धमनी पुन्हा आकसू नये म्हणून जाळीदार धातूची नळी, म्हणजे स्टेंट बसवण्याची पद्धत १९८६ पासून हृदयासाठी वापरात आली. औषधाचा लेप असलेले स्टेंट २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सर्वत्र पसरले.

प्रत्यक्ष उपचार कसा होतो

हे उपचार कॅथलॅब नावाच्या कक्षात होतात. तेथे क्ष-किरणांचे यंत्र रुग्णाभोवती फिरू शकते आणि रक्तवाहिन्यांचे हलते चित्र पडद्यावर दिसते. बहुतेक वेळा पूर्ण भूल दिली जात नाही. फक्त जांघेची किंवा मनगटाची जागा बधिर केली जाते. रुग्ण शुद्धीवर असतो आणि डॉक्टरांशी बोलू शकतो.

सुईने धमनीत प्रवेश केल्यावर तार आणि तिच्यावरून नळी आत जाते. नळीतून आयोडीनयुक्त द्रव सोडला की धमन्यांचा नकाशा पडद्यावर उमटतो. यालाच अँजिओग्राफी म्हणतात. ही तपासणी आहे, उपचार नव्हे. अडथळा कोठे, किती लांबीचा आणि किती कठीण आहे हे कळल्यावर अतिशय बारीक तार तो ओलांडून पलीकडे नेली जाते. कौशल्याचा कस येथे लागतो. तार पलीकडे गेली की तिच्यावरून फुगा नेऊन तो फुगवतात आणि मेदाचे थर भिंतीशी दाबले जातात. यालाच अँजिओप्लास्टी म्हणतात. आवश्यकता असेल तर स्टेंट बसवला जातो. चुना साचलेल्या कठीण धमनीसाठी थर खरवडून काढणारी किंवा ध्वनिलहरींनी चुन्याला तडे पाडणारी साधनेही उपलब्ध आहेत. उपचार संपल्यावर नळी काढून छिद्रावर दाब दिला जातो. टाके पडत नाहीत आणि गुंतागुंत नसेल, तर रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जाऊ शकतो.

पायाच्या धमन्यांत स्टेंट कोठे बसवावा याला मर्यादा आहेत. जांघ आणि गुडघा सतत दुमडतात. तेथे धातूची जाळी मुडपण्याची किंवा तुटण्याची शक्यता असते. मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याची सवय असलेल्या आपल्याकडील रुग्णांच्या बाबतीत हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. म्हणून अशा ठिकाणी औषधाचा लेप असलेल्या फुग्याचा वापर वाढला. २०१८ मध्ये एका विश्लेषणातून या लेपातील पॅक्लिटॅक्सेल औषधामुळे मृत्यूचे प्रमाण वाढते की काय, अशी शंका निर्माण झाली होती. अधिक माहिती तपासल्यानंतर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेने तसा वाढीव धोका दिसत नसल्याचे जाहीर केले. गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत प्रामुख्याने फुग्याचाच उपयोग होतो. तेथे वापरण्यासाठी कालांतराने विरघळणाऱ्या स्टेंटला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

प्रत्येक पायाला नळीची गरज नसते

चालताना पोटरी दुखते म्हणून लगेच अँजिओप्लास्टी करून घेणे योग्य नव्हे. पहिली तपासणी साधी आहे. घोट्याजवळचा रक्तदाब डॉप्लर यंत्राने मोजून त्याला दंडातील रक्तदाबाने भागतात. हे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर पायाच्या धमन्यांत अडथळा असल्याचे मानतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्यामुळे हा आकडा फसवा, म्हणजे वाजवीपेक्षा जास्त येऊ शकतो. तेव्हा पायाच्या बोटातील दाब मोजणे किंवा डॉप्लर सोनोग्राफी उपयोगी पडते.

केवळ चालताना दुखत असेल आणि जखम नसेल, तर पहिला उपचार चालणे हाच आहे. आठवड्यातून किमान तीन दिवस, वेदना येईपर्यंत चालायचे, थांबायचे, वेदना ओसरली की पुन्हा चालायचे, असा अर्धा ते पाऊण तासाचा व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली १२ आठवडे केल्यास न थांबता चालता येणारे अंतर लक्षणीय वाढते. त्याच्या जोडीला तंबाखू पूर्ण बंद करणे, रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारी गोळी, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन आणि रक्तदाब व मधुमेहाचे नियंत्रण आवश्यक असते. एवढे करूनही जगणे अडत असेल, तर अँजिओप्लास्टीचा विचार होतो.

विश्रांतीतही ठणका, न भरणारी जखम किंवा गँगरीन असेल, तर चित्र बदलते. तेथे रक्तपुरवठा लवकरात लवकर पूर्ववत करणे हाच पाय वाचवण्याचा मार्ग असतो. त्यासाठी नळी बरी की शस्त्रक्रिया करून रक्ताला वळणमार्ग देणारी बायपास, हा जुना वाद आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेस्ट-सीएलआय’ या १,८३० रुग्णांच्या चाचणीत, ज्यांच्या पायातील स्वतःची मोठी शीर बायपाससाठी चांगल्या स्थितीत होती त्यांना बायपासचा अधिक फायदा झाला. २०२३ मध्ये ‘बेसिल-२’ या ३४५ रुग्णांच्या चाचणीत गुडघ्याखालील आजार असलेल्यांमध्ये आधी नळीचा उपचार केल्याचे परिणाम चांगले दिसले. दोन्ही निष्कर्षांचा मथितार्थ असा, की एकच उपचार सर्वांना लागू नाही. ज्या ठिकाणी दोन्ही पद्धतींचे तज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात, तेथे रुग्णाचे हित अधिक साधते. पाय कापण्याचा सल्ला मिळाला आणि तोपर्यंत धमन्यांची तपासणीच झालेली नसेल, तर रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाचे दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. पसरणारा जंतुसंसर्ग जिवावर बेतत असेल, तर मात्र पाय कापण्यास विलंब करणे घातक ठरू शकते, हेही तितकेच खरे.

बिडीने गेलेले पाय

पायांच्या रक्तपुरवठ्याचा एक विकार प्रामुख्याने तरुणांना होतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या, बहुधा पन्नाशीच्या आतील पुरुषांच्या हातापायांच्या लहान धमन्या दाहाने बंद होत जातात. १९०८ मध्ये लिओ बर्गर यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळत आले आहे. आधी बोट, मग पाऊल, मग दुसरा पाय असा कापाकापीचा क्रम घरातील कमावत्या माणसाच्या वाट्याला येतो.

या आजारात धमन्या अगदी टोकाकडे बंद होत असल्याने नळी आणि बायपास या दोन्हींना मर्यादा पडतात. तज्ज्ञांच्या हाती काही रुग्णांत फुग्याचा उपयोग होतो. परंतु आजाराची वाटचाल थांबवणारा सिद्ध झालेला उपाय एकच आहे: तंबाखू पूर्णपणे सोडणे. दिवसाला एक-दोन बिड्याही आजार धगधगत ठेवण्यास पुरेशा असतात. बिडी सोडून तोंडात तंबाखू धरणे किंवा मिश्री लावणे हीदेखील सुटका नव्हे.

हृदय आणि मेंदू : मिनिटांचा हिशेब

पायाच्या आजारात आठवड्यांचा हिशेब असतो, हृदय आणि मेंदूच्या बाबतीत मिनिटांचा. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात बंद पडलेली धमनी अँजिओप्लास्टीने तातडीने उघडणे हा सर्वोत्तम उपचार मानला जातो. निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत कॅथलॅबमध्ये हा उपचार होण्याची शक्यता नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी देऊन रुग्णाला पुढे हलवावे आणि पुढील २४ तासांत अँजिओग्राफी करावी, असा संकेत आहे.

मुळशीच्या भूगोलात या नियमाचा अर्थ स्पष्ट होतो. हिंजवडी किंवा बावधनच्या रुग्णाला रात्रीच्या वेळी काही मिनिटांत मोठे रुग्णालय गाठता येते. मात्र सायंकाळी कार्यालये सुटताना तेच अंतर दुप्पट-तिप्पट वेळ घेते. पौड पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. ताम्हिणीच्या बाजूच्या वाडीतून मुख्य रस्त्याला लागण्यासच वेळ जातो आणि पावसाळ्यात धुके, दरडी आणि ओढ्यांचे पाणी यांची त्यात भर पडते. लवळे येथील सिम्बायोसिस विद्यापीठाच्या रुग्णालयासारख्या संस्थांमुळे तालुक्यातच मोठ्या रुग्णालयांची सोय होऊ लागली आहे. तरीही दुर्गम वाडीसाठी जवळच्या आरोग्य केंद्रात तातडीने काढलेला ईसीजी आणि तेथील डॉक्टरांनी केलेला फोन हाच उपचाराचा पहिला टप्पा असतो. छातीत दाब, घाम आणि डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी वेदना जाणवल्यास ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पीत बसू नये. राज्यात २०१४ पासून कार्यरत असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

स्थिर हृदयविकाराची गोष्ट वेगळी आहे. केवळ श्रमानंतर छातीत दुखणाऱ्या आणि औषधांनी आराम पडणाऱ्या रुग्णांत स्टेंटमुळे मृत्यू किंवा झटका टळतोच असे नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या ५,१७९ रुग्णांच्या चाचणीतही तसा फायदा दिसला नाही. ज्यांना वारंवार त्रास होत होता, त्यांची लक्षणे मात्र कमी झाली. म्हणून झटका नसताना ‘उद्याच स्टेंट घाला’ असा सल्ला मिळाला, तर शांतपणे प्रश्न विचारण्यास वेळ असतो.

मेंदूच्या मोठ्या धमनीत गुठळी अडकून पक्षाघात झाल्यास जांघेतून नेलेल्या नळीने ती ओढून काढता येते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच मोठ्या चाचण्यांनी या पद्धतीचा लाभ निर्विवाद सिद्ध केला. हा उपचार साधारणपणे पहिल्या ६ तासांत, तर निवडक रुग्णांत मेंदूचे विशेष चित्रण करून २४ तासांपर्यंत करता येतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मात्र साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे होणे, हात गळणे किंवा बोबडे बोलणे दिसताच मालिश, मंत्र किंवा ‘सकाळी पाहू’ यांत वेळ घालवणे म्हणजे मेंदू गमावणे होय.

महाधमनी, शिरा आणि डायलिसिस

पोटातील महाधमनी फुग्यासारखी फुगली तर ती फुटण्याचा धोका असतो. १९९० मध्ये ब्युनोस आयर्स येथे हुआन पारोदी यांनी जांघेतून कापडी आवरणाचा स्टेंट नेऊन आतून अस्तर लावण्याची शस्त्रक्रिया केली. आज अनेक रुग्णांत पोट न उघडता हा उपचार होतो. मेंदूतील धमनीच्या फुग्यात प्लॅटिनमच्या बारीक तारांची गुंडाळी भरून तो बंद करता येतो.

शिरांच्या विकारांतही नळीचे स्थान आहे. पायाच्या शिरा फुगून वेटोळ्यांसारख्या दिसतात, तेव्हा लेसर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने सदोष शीर आतून बंद करतात. पूर्वीप्रमाणे ती ओढून काढण्याची गरज बहुतेकांना उरलेली नाही. खोल शिरेत गुठळी झाल्यास एक पाय अचानक सुजतो व दुखतो. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले रुग्ण, बाळंतिणी आणि लांबचा प्रवास करणारे यांना हा धोका असतो. यावर मुख्य उपचार रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा आहे. निवडक रुग्णांत गुठळी नळीने विरघळवता किंवा शोषून काढता येते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या हातावरील डायलिसिसचा फिस्टुला अरुंद झाला, तर तोही फुग्याने पुन्हा मोकळा करता येतो.

धोके आणि मर्यादा

छिद्र लहान असले, तरी उपचार लहान नसतो. छिद्राच्या जागी रक्तस्राव किंवा रक्ताची गाठ होऊ शकते. सुटलेला कण पुढे जाऊन लहान धमनी बंद करू शकतो, क्वचित धमनीला इजा होते. आयोडीनयुक्त द्रवामुळे आधीच दुबळ्या असलेल्या मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून आधी क्रिएटिनिन तपासणे आणि मधुमेहाच्या गोळ्यांबाबत, विशेषतः मेटफॉर्मिनबाबत, डॉक्टरांना विचारणे आवश्यक असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या पायांसाठी काही ठिकाणी द्रवाऐवजी कार्बन डायऑक्साइड वायूचा वापर होतो. पूर्वी आयोडीनयुक्त औषधाची ॲलर्जी झाली असल्यास तेही आधीच सांगावे.

सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे धमनी पुन्हा अरुंद होणे. पायाच्या धमन्यांत, विशेषतः गुडघ्याखाली, हे अनेकदा घडते. तरीही जखम भरून येण्याएवढे महिने धमनी उघडी राहिली, तर पाय वाचू शकतो. नळीने आजार नाहीसा होत नाही. एका ठिकाणचा अडथळा दूर होतो. पायाच्या धमन्या ज्याच्या अरुंद झाल्या, त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही धोक्यात असतात. म्हणूनच ज्या रुग्णाचा पाय दुखतो, त्याच्या हृदयाचीही तपासणी व्हायला हवी.

खर्च

फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटचे कमाल दर ठरवून दिले. साध्या धातूच्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधी लेप असलेल्या स्टेंटसाठी २९,६०० रुपये, कर वगळून, अशी ती मर्यादा होती. पुढे हे दर वेळोवेळी बदलत गेले. त्याआधी अशा स्टेंटसाठी एक लाखाहून अधिक रुपये मोजणारी कुटुंबे कमी नव्हती. पायाच्या उपचारांतील फुगे, तारा आणि स्टेंट यांचा खर्च रुग्णालयानुसार बदलतो. त्याचे लेखी अंदाजपत्रक आधी मागून घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीसह अनेक उपचारांचा समावेश आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने योजनेचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय घेतला. रुग्णालय योजनेत आहे का आणि नियोजित उपचार तिच्यात बसतो का, हे तेथील आरोग्यमित्राकडून दाखल होतानाच समजून घ्यावे.

केव्हा दाखवावे

ठराविक अंतर चालल्यावर पोटरीत येणारी कळ, एका पायाचा थंडपणा, पायावरील केस व नखे यांची खुंटलेली वाढ आणि दोन आठवड्यांत भरण्याकडे न झुकणारी जखम, यांपैकी काहीही दिसल्यास धमन्यांची तपासणी करून घ्यावी. पाय अचानक थंड, पांढरा, बधिर आणि असह्य दुखरा झाला, तर ती तातडीची अवस्था असते. साधारण सहा तासांनंतर स्नायूंची हानी भरून न येण्याच्या मार्गावर जाते. अशा वेळी पाय शेकणे किंवा चोळणे टाळावे आणि थेट रुग्णालय गाठावे.

मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातील कोणी पाहावे किंवा जमिनीवर आरसा ठेवावा. अनवाणी चालू नये. खाचरात उतरणे टाळता येत नसेल तर घरी येताच पाय स्वच्छ करून एकेक बोट तपासावे. उपचार झाल्यानंतर गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. स्टेंट बसवलेल्यांच्या बाबतीत असे करणे धोकादायक ठरू शकते.

पुढच्या वेळी गावी गेल्यावर वडिलांच्या पायांना वेदनाशामक मलम चोळण्यापूर्वी त्यांच्याबरोबर बांधापर्यंत चालून पाहावे. ते कोठे थांबतात, किती वेळ थांबतात आणि पोटरीवर हात ठेवतात का, एवढे लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगितले, तरी निदानाचा मोठा भाग पार पडतो.